ओहोळ सरांचा संयम

पट्टीचं टोक मी चिमट्यात धरलं आणि दादानं मला आईवरून शिवी हासडली. ती त्याचीही आई होती, पण शिवी देताना त्याला ते कधी आठवायचं नाही.

"हळू की रे, भाड्या!"

"हळूच करतोय, दादा," मी म्हणालो.

आणि मी खरंच हळू करत होतो. मे महिन्यातली शनिवारची संध्याकाळ होती. उन्हं अजून मिशन कंपाउंडाच्या भिंतीवर होती, शाळेला सुट्टी लागली होती, मला कुठं जायचं नव्हतं. दादा ओसरीवर खुर्चीत रेलून बसला होता आणि त्याचा उजवा पाय माझ्यासमोर स्टुलावर होता. खाली जुनं वर्तमानपत्र पसरलेलं.

त्या पायाचं वर्णन जेवायच्या वेळी कुणी ऐकू नये. अंगठा आणि शेजारची दोन बोटं वाळक्या खारकेसारखी काळी पडली होती. त्यांना आता दुखत नव्हतं, ती मेलीच होती. जिवंत होती ती वरची जखम, पावलाच्या पाठीपासून नडगीपर्यंत पसरलेली, कडा लाल, मध्ये हिरवट पिवळा पू. वास असा की ओसरीतून निघून स्वयंपाकघरात पीठ मळणाऱ्या माझ्या बायकोपर्यंत जायचा. गोडसर वास. कपाटामागं घूस मरून पडली की चौथ्या दिवशी येतो तसा. माश्या हाकलून हाकलून हात दुखायचा. पट्टीचा आतला थर मांसाला चिकटलेला असायचा आणि तो सुटताना एक बारीक आवाज यायचा, जुन्या पाकिटावरचं तिकीट सोलताना येतो तसा.

मी आणखी एक बोटभर सोलली. दादा खुर्चीचे हात आवळून ओरडला, मग पुढं वाकला आणि थुंकला. थुंकी माझ्या मनगटावर पडली. तंबाखूची, तपकिरी.

मी चिमटा ताटलीत ठेवला, रुमालानं मनगट पुसलं, रुमाल घडी करून बाजूला ठेवला आणि चिमटा परत उचलला.

"प्रभू तुला शांती देवो, दादा," मी म्हणालो.

तेवढ्यात फाटकापाशी कुणीतरी खाकरलं. चर्चचे पाळक उजागरे आणि महिला मंडळाच्या वाघचौरेबाई आजाऱ्याला भेटायला आले होते. केव्हापासून उभे होते कोण जाणे. बाईंच्या हातात केळी होती आणि पदर नाकावर होता. त्यांनी थुंकी पाहिली होती, कारण त्यांचे डोळे भरून आले होते.

"सर," त्या म्हणाल्या, "तुम्हाला राग येतच नाही का हो?"

"राग येऊन काय करायचं, बाई?"

दादा मोठ्यानं हसला आणि त्यानं पाळकांसमोर मला आणखी एक शिवी दिली. पाळकांनी खुर्चीपासून जरा लांब उभं राहून प्रार्थना केली. प्रार्थनेत दादासाठी दोन वाक्यं होती आणि माझ्यासाठी सात-आठ.

दुसऱ्या दिवशी उपासनेत उजागऱ्यांनी रागावरच उपदेश केला. राग म्हणजे दारात बांधलेलं कुत्रं, ते पाहुण्यालाही चावतं आणि मालकालाही, असं काहीसं. मग म्हणाले, "लांब कशाला जायचं? आपल्या मंडळीतच एक माणूस आहे. सख्खा भाऊ तोंडावर थुंकतो आणि तो माणूस त्याच भावाची जखम धुतो." बाकांवरची डोकी माझ्याकडं वळली. मी मान खाली घातली. मनगटाचं तोंड झालं होतं, पण मी काही दुरुस्त करायला उभा राहिलो नाही. खरं सांगतो, मला ते गोड लागलं. शेजारी हेमलता, माझी बायको, समोर बघत बसली होती. तिनं मान वळवली नाही.

*

माझा संयम कुठून आला ते सांगायला हवं.

आई मिशनची बायबलबाई होती. खांद्याला कापडी पिशवी अडकवून ती बायबल वाचून दाखवत वाड्यावस्त्यांवर पायी फिरायची. वडील लवकर गेले. शद्रकदादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, ट्रकवर क्लीनर होता. त्याच्या रागाला वेळकाळ नसायचा. घरात तो आला की आई भांड्यांचा आवाजसुद्धा होऊ द्यायची नाही. मी सोळा वर्षांचा असताना एका दुपारी तो पिऊन आला आणि भाकरी गार आहे म्हणून त्यानं चुलीवरचा तवा उचलून भिरकावला. तो आईच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडलं. हाडवैद्यानं बसवलं ते वाकडं बसवलं. मिशनमध्ये आईनं सांगितलं, विहिरीवर पाय घसरला. पुढं मरेपर्यंत ती त्या हातानं तांब्या उचलू शकली नाही.

दादा दुसऱ्याच दिवशी ट्रकवर निघून गेला. आई वारली तेव्हा दोन दिवस उशिरा आला, तोही पिऊन, कबरीपाशी उभा राहून कुणालातरी शिव्या देत. मग पुन्हा गायब.

त्या तव्याच्या दुपारी मी मनाशी ठरवलं होतं की या माणसासारखं व्हायचं नाही. कधीच नाही. मी आवाज चढवला नाही, शाळेत पोरावर छडी उगारली नाही, बायकोला उलट शब्द बोललो नाही. बत्तीस वर्षं. ट्रेनिंग कॉलेजात मित्र चिडवायचे, पुढं शिक्षक झाल्यावर लोक आदर करू लागले, आणि चाळिशीत मला मंडळीचा वडील, म्हणजे चर्चचा पंच, केलं. ज्यांच्या घरी भांडण व्हायचं ते म्हणायचे, ओहोळ सरांना बोलवा.

आणि त्या वर्षी फेब्रुवारीत दादा एसटीतून उतरला. पायाला पोत्याचं फडकं गुंडाळलेलं. बिडीनं पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडल्या होत्या. दवाखान्यात सिस्टरनं फडकं सोडलं तर आत अळ्या होत्या, पांढऱ्या, भातासारख्या, वळवळणाऱ्या. तिनं त्या एकेक करून काढल्या. डॉक्टर म्हणाले, पाय बहुतेक कापावा लागेल, पण आधी जखम साफ झाली पाहिजे, रोज पट्टी बदला. मी म्हणालो, मी बदलीन. डॉक्टरांना बरं वाटलं. सगळ्यांनाच बरं वाटलं.

*

सोमवारी सकाळी दवाखान्याची सिस्टर सायकलवरून आमच्याकडं आली. सुवार्ता लोंढे तिचं नाव. माझ्याच हाताखाली सातवीपर्यंत शिकलेली पोर, आता पांढऱ्या साडीत मोठी दिसायची, पण मला बघितलं की अजून उभी राहायची.

"सर, तीन महिने झाले, जखम भरायला पाहिजे होती निदान कडेनं. मी आज बघते."

तिनं वरची पट्टी सोडली आणि पायाजवळ तोंड नेलं. मी जितक्या जवळ कधी गेलो नव्हतो तितकं जवळ. कपाळाला आठ्या पडल्या.

"हे बघा. इथं नवं मांस येतंय, आणि परत सोलून निघतंय. रोज. असं कसं होतंय?"

"तो पाय फार हलवतो," मी म्हणालो.

दादानं माझ्याकडं पाहिलं.

"काकू, कोमट पाणी द्या आणि मीठ," सुवार्तानं आत हाक दिली. हेमलतानं पातेलं आणून दिलं. सुवार्तानं मिठाचं पाणी केलं, कापसानं ते चिकटलेल्या पट्टीवर सोडलं, पुन्हा सोडलं, आणि मग चिमटा खाली ठेवून मांडी घालून बसली.

"आता?" हेमलतानं विचारलं.

"आता थांबायचं. पंधरा मिनिटं तरी. लोकांना तेवढाच धीर नसतो बघा."

ती थांबली. दादाला तिनं विचारलं, कुठल्या कुठल्या रस्त्यांवर गाडी चालवलीत. दादानं सांगितलं, क्लीनरचा ड्रायव्हर कसा झाला, घाटात ब्रेक गेले तेव्हा काय केलं. मी त्याच्या तोंडून शिवीशिवाय इतकी वाक्यं सलग कधी ऐकली नव्हती. मध्येच त्याचे डोळे मिटले. सुवार्तानं चिमटा उचलला आणि पट्टी काढली. ओल्या भांड्यावरून चिकटलेलं पान निघतं तशी ती निघून आली. आवाज झाला नाही. दादानं डोळेही उघडले नाहीत.

हेमलता दारात रिकामं पातेलं घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "आज भाऊजी ओरडले नाहीत."

"ओरडायचं काय कारण?" सुवार्ता म्हणाली. "भिजवली की नाही फारसं दुखत. कोरडी ओढली तर मात्र जीव जातो माणसाचा, कातडी सोलल्यासारखं होतं." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. सहज पाहिलं, शाळेतल्या पोरीसारखं. "तुम्ही भिजवूनच काढता ना, सर? पहिल्या दिवशी मी सांगितलं होतं."

मी खाली पसरलेलं वर्तमानपत्र सरळ करू लागलो.

"भिजवूनच काढतो तो," दादा म्हणाला. डोळे मिटलेलेच होते. "मीच पाय झाडतो. मला वाईट खोड आहे. आणि ओरडायची पण खोड आहे. तू जा पोरी, तुला उशीर होईल."

सुवार्ता हसली, सामान आवरलं आणि उठली. हेमलता तिला फाटकापर्यंत सोडायला गेली.

*

पहिल्या दिवशी सिस्टरनं मला सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. पहिला आठवडाभर मी पट्टी भिजवून काढत होतो. मग एका सकाळी शाळेची घाई होती, पाणी तापवायला वेळ नव्हता, म्हणून कोरडीच ओढली. दादा किंचाळला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. घाई नव्हती. चुलीवर पाणी तापलेलं होतं. तरी मी कोरडीच ओढली.

त्यानंतर रोज. आणि एका झटक्यात नाही, बोट-बोट करून, मध्ये थांबून, त्याच्यासाठी प्रार्थनेचे शब्द बोलत. हे कुणी पाहिलं असतं तरी काय पाहिलं असतं? एक शांत माणूस भावाची सेवा करतोय. मी स्वतःही तेच पाहत होतो. माझा आवाज चढत नव्हता, हात थरथरत नव्हता, मनात राग कुठं सापडत नव्हता. ओसरीवरून उठल्यावर मला हलकं वाटायचं आणि चहा गोड लागायचा. तो हलकेपणा प्रभूकडून येतो अशी माझी समजूत होती.

दादानं डोळे उघडले.

"तिला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगू? की गावचा साधुपुरुष मला सोलतोय?"

"मग हेमलताला तरी..."

"म्हणून तर शिव्या देत होतो ना, येड्या." तो खिशात बिडी चाचपू लागला, सापडली नाही. "शिव्या दिल्या नसत्या तर रडलो असतो. म्हातारा माणूस रडायला लागला की बायका धावत येतात. मग तू काय तोंड दाखवलं असतंस तिला?" मग म्हणाला, "आता सगळ्याच शिव्या काही तेवढ्यासाठी नव्हत्या. काही मनापासून होत्या."

"का पण? का सोसलंस?"

"मला वाटलं, आईचा हिशेब वसूल करून घेतोयस. घेऊ दे म्हटलं. दुसरं कुणी मागायला आलंच नाही."

"मी आईचं काही घेत नाही, दादा," मी म्हणालो. "माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही."

तेव्हा त्याचं तोंड असं झालं की जणू घास तोंडात गेल्यावर कळलं, अन्न आंबलंय.

"बघ. अजून तोच आवाज. एल्या, पायाच्या घाणीची मला सवय झाली, पण तुझ्या या मऊ आवाजाची शिसारी येते रे मला. रोज पट्टीपेक्षा त्याचीच भीती वाटते. एकदा तरी माणसासारखा बोल."

आणि मी बोललो. कुठून आलं ते सांगता येत नाही. बत्तीस वर्षांत मी माझा तो आवाज ऐकला नव्हता, तो मला ओळखू आला नाही. तो दादाच्या आवाजासारखा होता.

"तू तिचं मनगट मोडलंस!"

"मोडलं," दादा म्हणाला.

"भाकरी गार होती म्हणून! ती गावभर सांगत फिरली की विहिरीवर पडले! डाव्या हातानं जेवायची ती, लोक हसायचे!"

"माहीत आहे मला."

"तुला काही माहीत नाही! तू ट्रकवर बसून गेलास! तिचे केस मी विंचरून देत होतो, लुगड्याची गाठ मी मारून देत होतो, मला लाज वाटायची, मला किळस यायची, आणि तिला ते कळायचं!" मी उभा होतो, ताटली माझ्या पायानं उलटली होती. "आणि मी दारात उभा होतो त्या दिवशी! दप्तर घेऊन! तवा तुझ्या हातात होता आणि मी नुसता उभा होतो!"

दादा माझ्याकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तो रडत नव्हता.

"सोळा वर्षांचा होतास," तो म्हणाला. "काय करणार होतास?"

मागं वळलो तर हेमलता पायरीवर उभी होती. केव्हा परत आली होती माहीत नाही. तिनं उलटलेली ताटली पाहिली, काल काढलेली पट्टी कोपऱ्यातल्या डब्यात होती ती चिमट्यानं उचलून उन्हात धरली. कोरडी, कडक, आतल्या बाजूला कातडीचे पापुद्रे. तिनं ती परत टाकली.

"रोज?" तिनं विचारलं.

मी मान डोलावली.

"मी आत भाकरी करत होते," ती म्हणाली. "ते ओरडायचे आणि मी म्हणायचे, प्रभू, या माणसाच्या तोंडाला कुलूप घाल. माझ्या नवऱ्याला किती छळतो." तिनं चिमटा, कापूस, मलमाची डबी, सगळं गोळा केलं. "उद्यापासून मी करीन. तुम्ही हात लावायचा नाही."

"हेमा..."

"माझ्यापासून जरा लांब उभे राहा."

मी परसात गेलो. तीन महिने पू, रक्त, थुंकी, अळ्या बघून मला एकदाही मळमळलं नव्हतं. त्या दिवशी मोरीपाशी ओकलो. पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिलो. हात तोंडाजवळ नेला की त्याला वास यायचा, आणि तो दादाच्या पायाचा वास नव्हता.

*

दोन दिवस घरात माझ्याशी कुणी बोललं नाही. बुधवारी मी पाळकांकडं गेलो. उजागरे अंगणात उकिडवे बसून सायकलची चेन रॉकेलनं पुसत होते. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"या सर! पुढच्या महिन्यात विभागाची सभा आहे. तुम्ही सहनशीलतेवर चार शब्द बोलायचे, मी नाव देऊन टाकलंय."

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. आधी त्यांना वाटलं मी थकलोय. मग वाटलं मी स्वतःला उगीच दोष देतोय, देवभीरू माणसं देतात तसा. "अहो, एखाद्या दिवशी कंटाळा येतो माणसाला," ते म्हणाले.

"एखाद्या दिवशी नाही, पाळकसाहेब. पाणी तापलेलं असायचं. मला त्याचा आवाज ऐकायचा असायचा."

त्यांचा हात चेनवर थांबला. ते आपल्या वंगणानं काळ्या झालेल्या बोटांकडं बघत राहिले.

"मी रविवारी व्यासपीठावरून तुमचं उदाहरण दिलं," ते शेवटी म्हणाले. "आता माझ्या तोंडाची चव गेली, ओहोळ." सर म्हणाले नाहीत. "मला तुमचा राग यायला हवा, पण नुसतीच घाण वाटतेय. आणि माझीही वाटतेय. मीपण तिथं उभा होतो. त्या माणसाच्या वेदनेकडं बघितलंच नाही मी, थुंकीकडं बघत राहिलो."

"मी काय करू?"

"भावाला सांगितलंत का हे?"

"त्याला माहीतच आहे."

"माहीत आहे का ते विचारलं नाही. तुम्ही तुमच्या तोंडानं सांगितलंत का? क्षमा मागितलीत?"

"नाही."

"मग माझ्याकडं कशाला आलात?" असं म्हणून त्यांनी फडकं परत रॉकेलमध्ये बुडवलं. "सभेतलं नाव मी काढतो. तुम्ही घरी जा."

*

मी घरी आलो तेव्हा हेमलता नुकतीच पट्टी भिजवून बसली होती. दादाचा पाय स्टुलावर, शेजारी पातेलं. मी ओसरीवर चढलो तशी ती आकसली.

"मला करू दे," मी म्हणालो.

"नाही."

"दे त्याला," दादा म्हणाला.

"भाऊजी, तुम्ही मध्ये पडू नका."

"अगं, तुझा हात चांगला आहे, पण तू बोलत नाहीस. तोंड शिवल्यासारखी बसतेस. मला असं वाटतं, मी मेलोय आणि तू मला धुतेयस."

हेमलतानं चिमटा माझ्या हातात दिला नाही. तिनं तो ताटलीत ठेवला आणि उठून दारात उभी राहिली, तिथून सगळं दिसेल अशी. मी तिच्या जागी बसलो. उपासनेत उभा राहून मी कितीदा प्रार्थना केली होती, शब्द कधी अडले नव्हते.

"दादा, मी मुद्दाम करत होतो," मी म्हणालो. "तुला दुखावं म्हणून. मला बरं वाटायचं. मला क्षमा कर."

पाय हलवून त्यानं पट्टी बघितली.

"आणि मला पण," तो म्हणाला. ते कशाबद्दल ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मग लगेच खेकसला, "पाणी गार झालंय. बोलत काय बसलास? कोमट आण!"

मी उठून पाणी गरम केलं. आणून पट्टीवर सोडलं. थांबलो. पंधरा मिनिटं किती मोठी असतात ते मला त्या दिवशी कळलं. काहीच करायचं नसतं. नुसतं एका सडक्या पायासमोर बसायचं, त्याच्याकडं बघायचं आणि ज्याचा तो पाय आहे त्याच्याशी बोलायचं. तीन महिन्यांत मी ते एकदाही केलं नव्हतं. वास नाकात, घशात, डोळ्यांत जात होता. एवढे दिवस मी नाकाला फडकं लावलं नव्हतं, आलेल्या-गेलेल्यानं ते बघावं असं मला वाटायचं. आता मी खांद्यावरचा पंचा काढून सरळ नाकाला बांधला.

"दादा, फार घाण वास येतोय रे."

"मग मला काय मोगऱ्याचा येतोय?" दादा म्हणाला.

दारातून हेमलताचा आवाज आला. मला वाटलं ती रडतेय. ती हसत होती, आणि आपण हसतोय याचाच तिला संताप आलेला दिसत होता.

पट्टी सुटली. पूर्ण नाही, एका कोपऱ्यात चिकटून राहिली. मी तिथं पुन्हा पाणी सोडलं.

पावसाळ्यात जखमेची कड जरा सुधारली आणि ऑगस्टात जिल्ह्याच्या दवाखान्यात दादाचा पाय गुडघ्याखाली कापला. माझ्यामुळं तीन महिने वाया गेले, नाहीतर पाऊल वाचलं असतं का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. ते नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. सांगता येत नाही, हे मी अजून वागवतो आहे.

दादा पुढं चार वर्षं आमच्याकडं राहिला. पिणं सुटलं नाही, बिडी सुटली. आमची भांडणं व्हायची, रेडिओवरून, कुबडी कुठं ठेवली त्यावरून, मीठमिरचीवरून. मी ओरडायचो, तो ओरडायचा, अर्ध्या तासानं कुणीतरी चहा मागायचं. हेमलतानं माझ्याशी पूर्वीसारखं बोलायला वर्ष घेतलं. मी तिला घाई केली नाही. एकदा फाटकातून आत येताना वाघचौरेबाईंनी आमचा आरडाओरडा ऐकला आणि केळी पायरीवरच ठेवून त्या परत गेल्या. दुसऱ्या रविवारपासून कंपाउंडात बोललं जाऊ लागलं की भावाच्या संगतीनं ओहोळ सर अगदी बिघडले.